रीफ टँकमधल्या ॲस्टरिना: खारपाणपट्ट्यातल्या नोंदी

रीफ टँक म्हणजे समुद्रासारख्या खाऱ्या पाण्याचा, प्रवाळ ठेवायचा काचेचा टँक. माझा तीन फुटी, ३६ बाय १८ बाय १८ इंच. दगड-वाळू वजा जाता पाणी १६० लिटरच्या आसपास. गाव वऱ्हाडात, दर्यापूर तालुक्यातलं, जमिनीतलं पाणीच खारं असलेल्या खारपाणपट्ट्यातलं. समुद्र रस्त्याने सहाशे किलोमीटर. समोर मोटार वाइंडिंगचं दुकान, मागच्या खोलीत टँक. आत दोन क्लाउनफिश आणि मऊ प्रवाळांपैकी झोआ, मश्रूम आणि एक लेदर कोरल. दगडी प्रवाळ ठेवलेले नाहीत. ते वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्या भानगडीत कोणी पडू नये. आतले दगडसुद्धा सिरॅमिकचे आहेत.

खालच्या नोंदी वहीतून उतरवल्यात. ॲस्टरिना (टँकमध्ये नकळत येणारा इवलासा तारामासा) दिसली की लोक एकतर घाबरतात नाहीतर "काही करत नाही ती" म्हणून सोडून देतात. या टँकमध्ये दोन्ही पूर्ण खरं निघालं नाही.

१२ नोव्हेंबर

दिवे गेल्यावर टॉर्च मारला तर पुढच्या काचेवर मळकट पांढरा जीव चिकटलेला. चार-पाच मिलिमीटर. तीन हात मोठे, दोन नुसते कोंब. दुकानातलं भिंग काचेला लावलं तेव्हा पोटाखाली पारदर्शक नळ्यांसारखे पाय हलताना दिसले. तारामासा आहे, यात शंका नाही. मुलगी सहावीत आहे. तिचं म्हणणं, "बाबा, पाच सारखे हात पाहिजेत. हा खराब पीस आलाय."

खराब नाही. ही जात स्वतःला मधोमध फाडून एकाची दोन होते आणि दोन्ही अर्धे उरलेले हात नव्याने वाढवतात. त्यामुळे काचेवर पाच, सहा, सात हातांच्या दिसतात आणि कुठल्याही दोन एकसारख्या नसतात. वाकडीतिकडी असणं हीच तिची ओळख समजा.

आली कुठून तर सप्टेंबरात मुंबईहून मागवलेल्या झोआच्या प्लगबरोबर (प्लग म्हणजे प्रवाळाचा तुकडा चिकटवतात ती छोटी बैठक), दुसरा रस्ताच नाही. पार्सल ट्रॅव्हल्सच्या डिकीतून अकोल्याला आलं होतं. प्लग वरून नीट बघितला होता, बूड पाहिलं नव्हतं.

१५ नोव्हेंबर

आणखी तीन दिसल्या. हात घालण्याआधी ओळख पक्की करून घेतली, कारण टँकमध्ये बारीक ब्रिटल स्टारही आहेत आणि त्यांना मारायचं काहीच कारण नाही. ब्रिटल स्टारचं शरीर म्हणजे छोटी गोल चकती, हात लांब, बारीक, वळवळणारे. तो दगडाच्या भेगेतून फक्त हात बाहेर काढतो आणि उजेड पडला की झटकन आत घेतो. ॲस्टरिनाचे हात आखूड, शरीराला रुंद जोडलेले, आणि ती काचेवर उघडी बसते. टॉर्च मारला तरी तिला घाई नसते. तिच्यातल्या बऱ्याच जाती आता ॲक्विलोनास्ट्रा या वंशात टाकल्या आहेत, पण दुकानदार आणि हौशी मंडळी सगळ्यांना ॲस्टरिनाच म्हणतात. मीही तेच लिहितोय.

२३ नोव्हेंबर

ही खाते कशी ते काचेवर बाहेरूनच बघायला मिळतं. जठर तोंडातून बाहेर काढून खाद्यावर पसरते, जागेवरच पचवते आणि मग आत ओढून घेते. ती सरकली की मागे काचेवरच्या हिरव्या थरात स्वच्छ ठिपका राहतो. गुलाबी कोरलाइन शेवाळावर बसली तर तिथे पांढरा डाग पडतो. मागच्या काचेवर असे डाग आहेत. कोरलाइन वाढवायला आठ-नऊ महिने गेले होते, त्यामुळे जीव थोडा जळला. तरी सध्या हात लावायचा नाही असं ठरवलं.

६ डिसेंबर

आज पाण्याचंच काम. आरओचा मेम्ब्रेन बदलला आणि डीआय रेझिन (उरलेले क्षार धरून ठेवणारे दाणे) भरलं. २,४०० रुपये. बोअरचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) २,००० च्या आसपास आहे, मेम्ब्रेनमधून गेल्यावर १००-१२० उरतो आणि रेझिननंतर शून्य. एवढ्या टीडीएसला रेझिन फार लवकर संपतं. गावातल्या आरओ जारचं पाणी वापरून पाहिलं होतं, पण मीटरवर १५० दाखवायचं. त्या पाण्याने काचेवरचा तपकिरी थर वाढला होता आणि त्याच थरावर ॲस्टरिना जगतात.

शेजारचे आजोबा मिठाची बादली बघून म्हणाले, "आपल्या बोअरले खारंच पानी हाय न राजा, मंग हे मीठ कायले इकत आनतं?" प्रश्न चुकीचा नाही. पूर्णेच्या या पट्ट्यात लोकांनी पिढ्यान् पिढ्या खारं पाणी सोसलंय. पण हिशेब असा की आमच्या बोअरला लिटरमागे दोन ग्रॅम क्षार आहेत, समुद्राला ३५ ग्रॅम. शिवाय समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम ठरलेल्या प्रमाणात असतात, तसं प्रमाण जमिनीतल्या खारेपणात नसतं. म्हणून आधी आपला खार पूर्ण काढायचा आणि मग विकतचा घालायचा. हे ऐकून ते बराच वेळ हसले.

२० किलो मीठ ५,२०० रुपयांना. १६ लिटर पाणी बदलायला सहाशे ग्रॅम लागतं, म्हणजे दर वेळी दीडशे रुपयांच्या वर.

२१ डिसेंबर

वाढल्यात. नुसतं "वाढल्यात" म्हणून काही ठरवता येत नाही. आमच्याकडे कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावतात. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तरच फवारणीला हात घालायचा, त्याआधी नाही. २०१७ ला या अळीने वऱ्हाडात धुमाकूळ घातला, त्यानंतर हे आकडे शेंबड्या पोरालाही पाठ झालेत. कृषी केंद्रवाला मित्र टँकसमोर चहा पिता पिता म्हणाला, "सापळा न पाहता फवारशीन तं पैसे पाण्यात. इथं तं पानीच हाय."

तीच पद्धत इथे घेतली. पुढच्या काचेच्या मध्यावर मार्करने एक फूट बाय एक फूट चौकोन आखला. दिवे गेल्यानंतर एका तासाने, आठवड्यातून एकदा मोजायचं. टॉर्चवर लाल पतंगी कागद बांधला, कारण पांढऱ्या उजेडात काही जीव लपतात आणि आकडा खोटा येतो. आजचा आकडा १४. चाळिशी ओलांडली किंवा एखाद्या कोरलवर बसून नुकसान करताना दिसली तर हात घालायचा.

४ जानेवारी

चौकोनात ३१. आणि दोन झोआ कॉलनी, म्हणजे झोआचे झुबके, उघडत नाहीयेत. एक पुढची हिरवी, एक मागच्या कोपऱ्यातली लाल. रात्री लाल कॉलनीवर तीन ॲस्टरिना बसलेल्या. बघितल्याबरोबर चिमटा घेऊन धावावंसं वाटलं, पण बसली आहे म्हणजे खाते आहे असं नाही. मेलेल्या जागेवरचं शेवाळ खायलाही ती तिथे बसू शकते.

औषधाचा विचार मनात येणाऱ्यांसाठी: तांब्याची औषधं माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर चालतात, पण रीफमध्ये एक थेंबही नको. ॲस्टरिना मरेल, तिच्याबरोबर गोगलगाई, कोळंबी आणि कोरलही मरतील. फक्त तारामासे मारणारं आणि बाकी सगळं राखणारं औषध बाजारात मी तरी पाहिलं नाही.

७ जानेवारी

खरं काय ते बघायला तीन डबे केले. मिठाईचे पारदर्शक डबे, बाजूंना खिडक्या कापून मच्छरदाणीची जाळी सुपर ग्लूने चिकटवली. तिन्ही टँकमध्येच लटकवले. बाहेर रात्री दहा-अकरा अंशांची थंडी आहे, वेगळ्या भांड्यात ठेवले असते तर गारठ्यानेच निकाल लागला असता. शिवाय तिन्ही डब्यांत तेच पाणी, तोच उजेड.

पहिल्यात निरोगी झोआचा प्लग आणि आठ ॲस्टरिना. दुसऱ्यात तसाच प्लग, ॲस्टरिना नाही. तिसऱ्यात कापताना चिरडलेले दोन पॉलिप (झुबक्यातला एकेक फुलासारखा जीव) असलेला प्लग आणि आठ ॲस्टरिना.

झोआ कापताना हातमोजे आणि चष्मा लावलाच पाहिजे. काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. पिचकारी डोळ्यात गेली किंवा जखमेत उतरली तर दवाखान्याची वेळ येते. आणि झोआ असलेला दगड घरात कधीही उकळू नका, वाफेतूनही विषबाधा झाल्याच्या घटना आहेत.

१८ जानेवारी

पहिला डबा: प्लगची बाजू घासल्यासारखी स्वच्छ, पॉलिप सगळे उघडे. ॲस्टरिना दिवसा प्लगच्या खाली, रात्री जाळीवर. दुसरा डबा: पॉलिप तसेच, प्लगवर शेवाळ. तिसरा डबा: चिरडलेले दोन पॉलिप तिसऱ्याच रात्री साफ, पण शेजारचे धडधाकट पॉलिप तसेच.

म्हणजे या टँकमधल्या साध्या, पांढुरक्या ॲस्टरिना जिवंत झोआ खात नाहीत, मेलेलं खातात. मग मुख्य टँकमधल्या कॉलनी बंद का?

२० जानेवारी

रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याचा खारेपणा मोजायचं यंत्र) तपासला. आजवर आरओच्या थेंबावर शून्य लावून वापरत होतो. शून्यावर बरोबर असलेलं यंत्र ३५ वर बरोबर असेलच असं नाही. तपासायला घरीच द्रावण केलं: ३६.५ ग्रॅम साधं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम आरओ पाणी. हे द्रावण रिफ्रॅक्टोमीटरमध्ये ३५ च्या समुद्राच्या पाण्यासारखं दिसतं. मीठ तव्यावर कोरडं करून दर्यापूरला सोनाराच्या काट्यावर तोललं. त्याने आधी मिठाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

यंत्राने ३१ दाखवलं. म्हणजे टँक ३५ वर आहे असं मी समजत होतो तेव्हा तो ३९ वर होता. लाल समुद्र ४० च्या आसपास असतो, त्यामुळे सगळं मरायला हवं होतं असं नाही, पण झोआ रुसायला तेवढं पुरे आहे. आता रोज दोन लिटर टँकचं पाणी काढून दोन लिटर आरओ घालायचं, आठवडाभर. एकदम उतरवायचं नाही. तारामाशांच्या वर्गातले जीव अंगातलं क्षारांचं प्रमाण स्वतः सांभाळू शकत नाहीत, बाहेर जसं पाणी तसं आत. त्यांना धक्का बसला तर गोगलगाई-खेकड्यांनाही कमी-जास्त बसेलच.

२ फेब्रुवारी

३५ वर आणून ठेवलं. पुढची हिरवी कॉलनी उघडली. मागची लाल अजून बंदच.

रात्री एकच्या सुमारास लाल कॉलनी भिंगातून बघितली. तिच्यावर बसलेल्या ॲस्टरिना वेगळ्या आहेत. किंचित मोठ्या, राखाडीवर गडद ठिपके, हात बऱ्यापैकी सारखे. एक पॉलिपच्या देठावर पूर्ण पसरलेली. ती उचलली तर खालचा देठ पांढरा पडलेला, आणि शेजारचा पॉलिप कालपर्यंत चांगला होता. ही जात वेगळी असावी आणि हिला जिवंत झोआ चालतो. जानेवारीत डब्यांत आठ-आठ ॲस्टरिना टाकल्या त्या काचेवरून उचललेल्या होत्या, या दगडावरच्या एकही नव्हत्या. त्यामुळे चाचणीचा निकाल फक्त पांढऱ्यांपुरता धरा.

लाल कॉलनीचा दगड बाहेर काढून ठिपक्यांच्या सगळ्या वेचल्या. चौकोनातला आकडा ४३. आता हात घालायची वेळ झाली.

११ फेब्रुवारी

काय चाललं, काय नाही.

चिमटा: काचेवर ठीक, दगडावर फसतो. ॲस्टरिना घट्ट धरून बसते, ओढली की हात तुटून दगडावर राहतो. मधल्या चकतीचा तुकडा हाताबरोबर राहिला तर तो पुन्हा वाढू शकतो. चिरडून टँकमध्ये सोडणं तर अजिबात नको.

आमिष: रात्री उपड्या झाकणाखाली शेवाळाची गोळी ठेवली. सकाळी झाकणाखाली ब्रिसल वर्म आणि शंखातले खेकडे. ॲस्टरिना दोन. पाणी मात्र गढूळ झालं. दुसऱ्यांदा करणार नाही.

बुडवणी: लाल कॉलनीच्या प्लगला पोव्हिडोन आयोडीनच्या पाण्यात बुडवलं. काही गळल्या, काही तशाच घट्ट. जुन्या प्लगचं बूड कटरने उडवून पॉलिप नव्या प्लगवर चिकटवले तेव्हाच सुटका झाली.

सायफन: हेच सगळ्यात बरं. एअर पंपाच्या बारीक नळीला टोकाशी कडक प्लास्टिकची नळी, दुसऱ्या हातात जुनं एटीएम कार्ड. कार्डाने कड सैल करायची आणि लगेच ओढून घ्यायची. पाणी बादलीत, बादलीवर चहाची गाळणी. गाळलेलं पाणी परत टँकमध्ये, म्हणजे मीठ वाया जात नाही. गाळणीवरून घरात बोलणं झालं. "अहो, तिच्यात उद्या चहा गाळला तर मी प्यायची नाही आणि तुमच्या पाहुण्यांनाही देणार नाही." तीस रुपयांची नवी आणली आणि टँकच्या पाइपला सुतळीने बांधून ठेवली.

काढलेल्या ॲस्टरिना साध्या पाण्यात टाकल्या की मरतात. नाल्यात किंवा नदीत जिवंत फेकू नयेत. इथे पूर्णेत त्या जगणार नाहीत, पण किनाऱ्यावर टँक असणाऱ्यांनी हे पाळावंच, कारण आपल्या डब्यातली जात कुठल्या समुद्रातली आहे हे सांगता येत नाही.

२५ फेब्रुवारी

सायफनने ४३ चे २६ झाले, पुढच्या मोजणीला पुन्हा ३५. दगडांच्या मागे हात पोचत नाही तिथून भरपाई होते.

हार्लेक्विन कोळंबीचा भाव विचारला: ३,५०० आणि वर पार्सल. ही कोळंबी फक्त तारामासेच खाते, दुसरं काही नाही. म्हणून कामाची, आणि म्हणूनच अडचणीची. ॲस्टरिना संपल्या की तिला मोठे तारामासे विकत आणून घालायचे, नाहीतर ती उपाशी मरते. कीड मारायला जनावर आणायचं आणि काम झालं की मरू द्यायचं, हे मला पटत नाही. शिवाय स्वस्त पडेल असंही नाही.

नागपूरला एका हौशी मित्राकडे जोडी आहे आणि तो तिच्यासाठी मुद्दाम सम्पमध्ये (टँकच्या फिल्टरच्या टाकीत) ॲस्टरिना वाढवतो. माझी पीडा म्हणजे त्याचं कोठार. "घेऊन जा महिनाभर, फक्त उन्हाळ्याआधी परत आण," म्हणाला. आणि वर, "मारून काय टाकतोस भाऊ, मला दे ना!" तेव्हापासून गाळणीतल्या पांढऱ्या ॲस्टरिना वेगळ्या बरणीत जिवंत ठेवतोय, एअरस्टोन लावून.

८ मार्च

जोडी आणली. नागपूर ते गाव दोनशे किलोमीटर. थर्माकोलचा डबा, गाडीत एसी, पिशवीवर काळं कापड. त्याचं पाणी ३४, माझं ३५. तरी दोन तास थेंब थेंब पाणी घालत बदललं. दोघी लगेच दगडाच्या कपारीत गेल्या.

२३ मार्च

रात्री एकदा पूर्ण तमाशा बघायला मिळाला. एकीने ॲस्टरिना पंज्याने उचकटून उलटी केली, दुसरी येऊन मधूनच पायनळ्या खुडायला लागली. सावकाश चालतं. रंग मात्र असा की पांढऱ्यावर जांभळे-निळे डाग, गावातले लोक खास तेवढं बघायला येतात. बाकी टँकमधल्या इतक्या झोआंकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

चौकोनात १७. मोठ्या आधी जातात, दोन मिलिमीटरच्या पिल्लांकडे त्या फारसं लक्ष देत नाहीत. सकाळी कोळंबीची पोकळ पांढरी कात दिसली आणि एक मेली असं वाटून धस्स झालं. कपारीत टॉर्च मारला तर दोघी जिवंत. कात टँकमध्येच राहू दिली.

१६ एप्रिल

चौकोनात ४. कोळंब्या दिवसाही फिरायला लागल्यात, म्हणजे भूक. परत पोचवल्या आणि बरणीत जमवलेल्या ॲस्टरिनाही दिल्या. ठिपक्यांची जात मार्चपासून दिसलेली नाही. संपली असं छातीठोक म्हणणार नाही.

याच काळात खाणंही निम्म्यावर आणलं होतं. गोठवलेलं खाद्य गाळून, धुऊन, दिवसाआड. नायट्रेट ४० वरून १० वर आलं आणि काच पूर्वीइतकी हिरवी होत नाही. त्यामुळे १७ चे ४ होण्याचं सगळं श्रेय कोळंब्यांना देता येणार नाही. दोन गोष्टी एकाच वेळी केल्यामुळे कुणामुळे किती हे आता वेगळं काढता येत नाही. घाई नसेल त्यांनी आधी फक्त खाणं कमी करून महिनाभर मोजावं.

५ मे

बाहेर ४४, खोलीत ३६. पाण्यावर दोन पंखे तिरके लावलेत. हवा कोरडी असल्याने वऱ्हाडात ही युक्ती जबर चालते, पाणी २७.५ वर राहतं. किंमत म्हणजे रोज सहा-सात लिटर पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. टॉप-अप एक दिवस चुकला तरी क्षार दीडने वर.

कूलरबद्दल: त्याच खोलीत कूलर लावला तर खोली थंड होते आणि टँक तापतो. कूलरने हवेत ओल भरली की टँकवरच्या पंख्याचं काम बसतं. खिडकी आणि दार दोन्ही उघडं ठेवून हवा आरपार जाऊ दिली तेव्हा दोन्ही जमलं. वाळ्याच्या ताट्यांचं पाणी चुकूनही टँकमध्ये उडता कामा नये, म्हणून कूलर टँकच्या खाली, उलट्या बाजूला तोंड करून.

२८ मे

नवतपा लागला आणि परवा संध्याकाळी वावटळीसह पाऊस. गावठाण फीडरचे खांब पडले. इन्व्हर्टरवर टँकचा भार जेमतेम ४० वॅट, पण त्याच बॅटरीवर घरातले चार पंखे. या उकाड्यात आईला पंखा बंद कर म्हणायची माझी हिंमत नाही. दुसऱ्या रात्री बॅटरी बसली.

सेलवरचा एअर पंप लावला, ६५० रुपयांचा. गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या शेजारच्या गावातून आणून आत तरंगत ठेवल्या. पाणी तरी ३१.५ पर्यंत गेलं. पहाटे बघितलं तर गोगलगाई, ब्रिटल स्टार, ॲस्टरिना सगळे पाण्याच्या वरच्या कडेला गोळा झालेले. तळाशी ऑक्सिजन उरला नसणार. वीज आज दुपारी आली.

मासे वाचले. हिरवी झोआ कॉलनी निम्मी गेली, मश्रूम दोन गेले. नुकसान १,८०० च्या घरात.

९ जून

विरघळलेली झोआ ॲस्टरिनांनी चार रात्रींत साफ केली. तो कुजणारा मऊ भाग मी ब्रशने काढायला गेलो असतो तर अर्धा पाण्यात पसरला असता. चौकोनातला आकडा मात्र ४ वरून १९. खायला मिळालं, वाढल्या. आता तेवढं खायला नाही, म्हणून हात लावत नाहीये. चाळीसची रेघ तशीच आहे.

२१ जून

चौकोनात ११. पाऊस सुरू झाला, हवा दमट आहे, त्यामुळे पंख्यांचा उपयोग निम्मा. तरी बाहेरचंच तापमान उतरल्याने निभावतंय.

नवीन फ्रॅगसाठी (प्रवाळाच्या तोडलेल्या तुकड्यांसाठी) २० लिटरचा वेगळा टँक लावला: स्पंज फिल्टर, हीटर, छोटा दिवा. कुठलाही फ्रॅग महिनाभर तिथे. जुना प्लग आल्या दिवशीच कापून फेकायचा, रात्री लाल टॉर्चने बूडही बघायचं. पांढऱ्या ॲस्टरिना आल्या तर हरकत नाही, ठिपक्यांच्या आल्या तर फ्रॅग पुढे सरकणार नाही. माझ्याकडून कोणी फ्रॅग नेला तर तोही नव्या प्लगवरच देतो आणि टँकमध्ये काय काय आहे ते आधी सांगतो.

खर्च: मेम्ब्रेन-रेझिन २,४००, जादाचं मीठ सुमारे १,५००, आयोडीन, नळ्या, डबे, गाळणी मिळून ४००, नागपूरचं पेट्रोल दोन्ही वेळचं ४,६००, एअर पंप ६५०, छोटा टँक २,१००. कोळंबी विकत आणली असती तर पेट्रोलपेक्षा स्वस्त पडली असती, पण आता पावसाळ्यात तिला काय खाऊ घातलं असतं हा प्रश्न राहिलाच असता.

पुढचं काम: टँकसाठी वेगळी बॅटरी. १५० एएचचा भाव १४,५०० सांगतायत. दुकानात दुरुस्तीला आलेला जुना इन्व्हर्टर पडून आहे, मालक तो विकतो का ते विचारायचंय.